दुखरे अंग, खचलेले मन

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे खो-खो खेळणारी एक मुलगी उपचाराला येत असे. वय १९. राज्य पातळीवर खेळलेली. संरक्षणाला उतरली आणि साखळी पळू लागली, की मैदानाबाहेरचे लोक घड्याळाकडे बघू लागत. तिच्या उजव्या मांडीच्या मागचा स्नायू दुखत होता, अगदी वर, तो बसण्याच्या हाडाला चिकटतो तिथे. खो-खोमध्ये आक्रमणाच्या वेळी आठ जण चौकात उकिडवे बसलेले असतात आणि पाठीवर खो पडला की त्याच क्षणी उसळी घेऊन धावतात. त्या एका उसळीत या स्नायूवर केवढा ताण येतो, हे ज्याने एकदा तरी चौकात बसून पाहिले आहे त्याला सांगायला नको.

तिचे दुखणे आठ महिन्यांचे होते. मी तपासले, एमआरआय करून घेतला. किरकोळ सूज सोडली तर त्यात काही नव्हते. व्यायाम ठरवून दिले, गोळ्या दिल्या, शेकायला सांगितले. दर पंधरा दिवसांनी ती येई. मी विचारी, ''दहापैकी किती दुखतं?'' ती म्हणे, ''सात.'' पुढच्या खेपेला पुन्हा, ''सात.'' चार महिने हेच चालले होते.

मग ती यायची बंद झाली. बरी झाली असेल, असे मी समजलो. (आम्हा डॉक्टरांना हा समज फार सोयीचा असतो.) दोन-अडीच महिन्यांनी तिची आई एकटीच आली. मुलगी खोलीबाहेर पडत नाही, रात्रभर टक्क जागी असते, जेवणावर वासना नाही, खेळाचे बूट तिने शेजारच्या मुलीला देऊन टाकले. आणि एकदा भांडी लावता लावता म्हणाली, ''मी नसले म्हणून कुणाचं काय अडणार आहे?''

चार महिन्यांत त्या मुलीला मी आठ-नऊ वेळा भेटलो होतो. मांडी सोडून दुसरा एकही प्रश्न तिला विचारला नव्हता.

मी मनाचा डॉक्टर नाही. खेळाडूंचे स्नायू, सांधे, हाडे हा माझा प्रांत. पण स्नायूंचे जुनाट दुखणे आणि नैराश्य ही दोन दुखणी एकाच घरात राहतात, एकाच ताटात जेवतात, हे मला त्या आईने शिकवले. आज बोलायचे आहे ते त्याबद्दल.

आंबणे वेगळे, ठणका वेगळा

आपल्या भाषेत दुखण्याच्या शब्दांची वानवा नाही. अंग आंबते, उसण भरते, चमक निघते, पोटरीत गोळा येतो, खांद्याला रग लागते, गुडघा ठणकतो, अंग मोडून येते. यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या दुखण्याचा आहे आणि खेडेगावातला पेशंट तो नेमका वापरतो. ''दुखतंय'' एवढेच म्हणणारा बहुधा शहरातला असतो.

यांपैकी अंग आंबणे हे खेळाडूच्या सवयीचे, किंबहुना आवडीचे दुखणे आहे. तालमीत नवा आलेला पोरगा पहिल्या दिवशी जोर-बैठका मारतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरवत नाही. स्नायू ताण सोसत लांब होतात तेव्हा त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात, त्या भरून येताना हे दुखते. साधारण २४ ते ७२ तासांत ते सर्वाधिक जाणवते आणि मग विरते. लॅक्टिक अॅसिड साचल्यामुळे अंग दुखते असे अजूनही अनेक मैदानांवर सांगितले जाते. ते खरे नाही. ते अॅसिड व्यायाम थांबल्यावर तासा-दोन तासांत रक्तातून निघून जाते. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. या दुखण्यातून स्नायू बळकट होऊन निघतो. म्हणून वस्ताद म्हणतात, ''दुखतंय? मग लागलंय अंगाला!'' इथवर ते बरोबरच आहे.

पंचाईत पुढे होते. दुखणे तीन महिन्यांहून जास्त टिकले की वैद्यकशास्त्र त्याला जुनाट म्हणते, आणि जुनाट दुखणे म्हणजे लांबलेले साधे दुखणे नव्हे. त्याचा स्वभावच बदललेला असतो. पण खेळाडूच्या, वस्तादाच्या आणि पुष्कळदा डॉक्टरच्याही डोक्यात जुना हिशेब पक्का असतो: दुखते म्हणजे इजा आहे, इजा नाही म्हणजे दुखत नाही. एमआरआय स्वच्छ निघाला की पुढचे वाक्य ठरलेले: ''काही नाही, मनाचं आहे.''

या वाक्याने जेवढे नुकसान केले आहे तेवढे क्वचितच एखाद्या चुकीच्या औषधाने केले असेल.

वेदनेची जी व्याख्या जगभरचे डॉक्टर मानतात, ती वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये केली आणि २०२० मध्ये सुधारली. तिच्यात वेदनेला संवेदनेचा आणि भावनेचा असा दुहेरी अनुभव म्हटले आहे. म्हणजे कोणतीच वेदना नुसती शरीराची नसते. मांडीतून निघालेला निरोप मज्जारज्जूतून मेंदूत जातो, तेव्हा तो दुखते कुठे हे सांगणाऱ्या भागात जातो तसाच ते किती नकोसे आहे हे ठरवणाऱ्या भागातही जातो. हा दुसरा भाग आणि आपल्या दुःख-भीतीच्या भावना यांचे अंगण एकच आहे.

रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ मध्ये असे मांडले की मज्जारज्जूत जणू एक दार असते. वेदनेचे निरोप तिथे अडवले जातात किंवा पुढे सोडले जातात, आणि ते दार वरून मेंदूही ढकलू शकतो. कुस्ती चालू असताना कान फाटल्याचे पैलवानाला कळत नाही, ते याच दारामुळे. त्या सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, पण दार वरूनही लोटता येते ही गोष्ट टिकली. मग १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवले की वेदनेचा मारा होत राहिला तर मज्जारज्जूतल्या पेशीच हळव्या होतात. सोसायटीतल्या एखाद्या मोटारीचा अलार्म बिघडतो आणि बॉनेटवर मांजर बसले तरी तो बोंब ठोकतो ना, तसे. चोर केव्हाच पळून गेलेला असतो, पण अलार्म खराच वाजत असतो. ज्याला तो रात्रभर ऐकावा लागतो त्याला ''चोर नाहीये, झोप'' असे सांगून उपयोग काय?

एकमेकांना पोसणारी दुखणी

वेदनेचे दार मेंदू वरून लावतो तेव्हा तो ज्या रसायनांचा उपयोग करतो, त्यांत सिरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही दोन महत्त्वाची. मन:स्थितीच्या कामातही हीच दोन गुंतलेली असतात. नैराश्य म्हणजे या रसायनांचा नुसता तुटवडा, असे सोपे समीकरण आता कोणी जाणकार मांडत नाही. पण दोन्ही दुखण्यांच्या वाटा मेंदूत एकमेकींना छेदतात, याबद्दल दुमत नाही. म्हणून तर ड्युलॉक्सेटिन नावाचे औषध अमेरिकेत २००४ मध्ये नैराश्यासाठी मंजूर झाले आणि २००८ मध्ये फायब्रोमायाल्जिया या सर्वांगाच्या जुनाट स्नायूदुखीसाठीही. वेदना मनाला खचवते आणि खचलेले मन वेदनेचे दार उघडे ठेवते.

मधली कडी आहे झोपेची. कॅनडात टोरांटोला हार्वी मोल्डोफ्स्की यांनी १९७५ मध्ये एक साधा प्रयोग केला. धडधाकट स्वयंसेवकांना झोपू दिले, पण ते गाढ झोपेत शिरले की आवाज करून त्यांना वर आणायचे, पुरते जागे करायचे नाही. काही रात्रींनी या निरोगी माणसांचे स्नायू दुखू लागले, अंगावरच्या विशिष्ट जागा दाबल्या की कळ येऊ लागली. म्हणजे कसलीही इजा न होता, नुसती खोल झोप चोरून, स्नायूदुखी निर्माण करता आली. आता जुनाट दुखण्याचा खेळाडू डोळ्यांपुढे आणा. कुशीवर वळला की कळ येते, झोप मोडते. सकाळी अंग जडशीळ. दिवसा सराव नाही म्हणून शरीर थकत नाही. रात्री पुन्हा झोप नाही.

सराव नाही, याचाही हिशेब मांडायला हवा. न्यूयॉर्कमध्ये फ्रेडरिक बेकलँड नावाच्या संशोधकाला व्यायाम बंद केल्यावर झोपेवर काय परिणाम होतो ते बघायचे होते. रोज व्यायाम करणाऱ्यांनी महिनाभर तो थांबवायचा, त्याचे पैसे मिळतील, असे त्याने जाहीर केले. रोज व्यायाम करणारे कोणी तयारच होईनात. पैसे वाढवूनही होईनात. शेवटी आठवड्यातून तीन-चार दिवस व्यायाम करणाऱ्यांवर त्याला समाधान मानावे लागले, आणि त्यांचीही महिनाभरात झोप बिघडली, अस्वस्थता वाढली. हे १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. मला त्या प्रयोगाच्या निष्कर्षापेक्षा तो नकारच जास्त बोलका वाटतो. जे पैसे देऊनही सुटत नाही, ते दुखण्याने खेळाडूच्या हातून फुकटात हिसकावून घेतलेले असते.

आणि फक्त व्यायाम नव्हे, तर नावही. अमेरिकेतले ब्रिटन ब्रूअर यांनी १९९३ मध्ये दाखवले की 'मी म्हणजे खेळाडू' ही ओळख ज्याच्या मनात जितकी घट्ट, त्याला दुखापतीनंतर खिन्नता येण्याचा संभव तितका जास्त. आपल्याकडे ही ओळख माणूस एकटा घडवत नाही, सारा गाव घडवतो. जिंकून आल्यावर वेशीवर फ्लेक्स लागतो, शाळेत सत्कार होतो, पाहुण्यांत मुलीची ओळखच 'आमची खो-खोवाली' अशी करून दिली जाते. त्यात पोटाचा प्रश्न मिसळलेला असतो. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावून दाखवावे लागते. शेत दीड एकर, घरात धाकटी दोन भावंडे आणि सगळ्यांची आशा एका मुलीच्या मांडीच्या स्नायूवर टेकलेली, अशी घरे मी मोजता येणार नाहीत इतकी पाहिली आहेत. तिथे ''खेळच तर आहे, सोडून दे'' हा सल्ला देणाऱ्याला परिस्थितीच ठाऊक नसते.

मोडलेल्या हाडाला एक मोठी सवलत असते: प्लास्टर दिसते. त्यावर मैत्रिणी सह्या करतात, बसमध्ये जागा मिळते. स्नायूचे दुखणे दिसत नाही. मुलगी चालताना नीट चालते, लग्नात नटून बसते, आणि मैदानावर मात्र ''दुखतंय'' म्हणते. मग कुजबूज सुरू होते. नाटक करते, निवड होणार नाही म्हणून भिते, मोबाइलचा नाद लागला असेल. दुखण्यापेक्षा या संशयाने मुले जास्त खचतात, असे माझे मत झाले आहे. काही दिवसांनी ती स्वतःच स्वतःवर संशय घेऊ लागतात. 'मी खरंच ढोंग तर करत नाही ना?' असे मला एका अॅथलीटने विचारले होते. मीच त्याला सांगावे, अशी त्याची अपेक्षा होती.

इथे एक विरोधाभास आहे. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा वेदना सोसण्याची ताकद खेळाडूंत इतरांपेक्षा जास्त असल्याचे दिसले. मग याच लोकांना जुनाट दुखणे इतके का मोडते? एक कारण या ताकदीतच आहे. सामान्य माणूस दुखले की हालचाल टाळतो, आणि टाळून टाळून अडकतो. खेळाडू उलट करतो. बोखुमच्या मोनिका हासेनब्रिंग यांनी अशा माणसांचे वर्णन केले आहे, जी दात-ओठ खाऊन वेदना रेटत राहतात. मन उदास, आणि तरीही रेटणे चालू. स्नायूला विश्रांती मिळत नाही, दुखणे वाढते. मग दोन दिवस अंथरूण, मग पुन्हा 'आता दाखवतोच' म्हणून दुप्पट सराव. सोसणे हा गुण आहे हे कुस्तीत, कबड्डीत, धावण्यात लहानपणापासून शिकवलेले असते. कुठे थांबायचे, हे मात्र शिकवायचे राहून जाते.

मोठ्यांनी बोलून दाखवले म्हणून या विषयाचे कुलूप थोडेसे निघाले. सचिन तेंडुलकर यांना २००४ मध्ये टेनिस एल्बोने गाठले. पुढच्या वर्षी शस्त्रक्रियेनंतर लहानग्या मुलाची प्लॅस्टिकची बॅटही उचलवत नव्हती, असे त्यांनी सांगितले आहे. कारकिर्दीतली दहा-बारा वर्षे सामन्याआधी मनाला अस्वस्थता घेरून असे, हेही ते २०२१ मध्ये मोकळेपणाने बोलले. नेमबाज अभिनव बिंद्रा २००६ मध्ये विश्वविजेते झाले आणि त्याच वर्षी पाठीच्या दुखण्यामुळे दोहाच्या आशियाई स्पर्धेला मुकले. साडेपाच किलोपर्यंत वजनाची रायफल पाठ वाकडी करून तासन् तास स्थिर धरायची, म्हणजे पाठीच्या स्नायूंची काय दशा होत असेल! ती पाठ सावरून त्यांनी २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक मिळवले, आणि त्या पदकानंतर आपल्याला मोठ्या पोकळीने गाठले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. नाओमी ओसाका आणि सिमोन बाइल्स यांची २०२१ मधली उदाहरणे सर्वांच्या वाचनात आहेतच. पण जिल्हा पातळीवरच्या पोरीला या नावांचा कितपत आधार वाटतो, याची मला शंका आहे. त्यांच्या पाठीशी डॉक्टर, मानसतज्ज्ञ, पैसा असतो. तिच्या पाठीशी असतात एक क्रीडाशिक्षक आणि एस.टी.चा पास.

काय विचारायचे, काय तपासायचे

दुखणारा प्रत्येक खेळाडू निराश असतो असे नाही, आणि मरगळलेल्या प्रत्येकाला नैराश्य असते असेही नाही. आधी शरीराची झाडाझडती घ्यावी लागते. रक्तातले लोह, हिमोग्लोबिन, थायरॉइड, ड आणि ब-१२ जीवनसत्त्व. मुलींच्या बाबतीत पाळी नियमित येते का, हा प्रश्न संकोच न करता विचारला पाहिजे. कारण सरावाच्या मानाने पोटात अन्न कमी पडले की पाळी बिघडते, स्नायू दुखतात, मनही उतरते. वजनगटासाठी जेवण तोडणारे मल्ल याच वाटेने जातात. तरुण मुलाची कंबर रात्री आणि पहाटे दुखत असेल, उठल्यावर अर्धा-पाऊण तास ताठ राहत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर ते स्नायूचे दुखणे नसून मणक्याचा संधिवात असू शकतो. तो वर्षानुवर्षे 'लचक' म्हणून चोळला गेल्याची उदाहरणे आहेत.

अतिसरावाचाही विचार हवा. विल्यम मॉर्गन यांनी अमेरिकेतल्या जलतरणपटूंच्या मन:स्थितीची दहा वर्षे नोंद ठेवली. सराव वाढत गेला तशी चिडचिड, थकवा, उदासी वाढे आणि सराव कमी केला की पुन्हा उतरे. ही भरती-ओहोटी नैसर्गिक आहे. सराव कमी करून पुरेशी विश्रांती दिल्यावरही ओहोटी लागत नसेल, तर प्रश्न सरावाचा उरत नाही.

मग दोन प्रश्न उरतात, आणि ते विचारायला मानसोपचाराची पदवी लागत नाही. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास, हताश वाटले का? आणि ज्यात रमायचात त्यात मन लागेनासे झाले आहे का? यांतल्या एकाचे जरी उत्तर 'हो' आले, तरी पुढची तपासणी तज्ज्ञाकडून करून घ्यावी. पण आपल्याकडे ''उदास वाटतं का?'' असे विचारले की खेळाडू मान हलवतो, 'नाही' म्हणून. म्हणून मी वाट वाकडी करतो. ''मैदानावर जाऊन बसतोस का? मॅच बघतोस?'' हा माझा आवडता प्रश्न आहे. नुसती मांडी दुखणारा मुलगा मैदानाच्या कडेला बसून ओरडत असतो, चुका काढत असतो. मन खचलेला मुलगा मैदानावरून जायचा रस्ताच बदलतो. माझ्या त्या मुलीने सहा महिन्यांपासून रस्ता बदलला होता. मी विचारले असते तर तिने सांगितले असते.

आणि ऐका, मनाचे दुखणे पुष्कळदा अंगाचेच शब्द घेऊन येते. अंगात त्राण नाही, कसकस वाटते, डोके जड आहे, अन्न गोड लागत नाही. 'मला नैराश्य आले आहे' असे वाक्य घेऊन दवाखान्यात कोणी येत नाही. त्या मुलीचे 'सात' हे मांडीचे सात नव्हते, किंवा निव्वळ मांडीचे नव्हते. मी आकडा लिहून घेतला आणि तो कशाचा आहे ते विचारले नाही.

जगणे नकोसे वाटते का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल ही भीती निराधार आहे. विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखे होते. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी तज्ज्ञ गाठावा. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.

उपचार दोन्हीकडून

आधी मांडी बरी करू, मग मनाचे बघू, किंवा आधी मन, मग मांडी, अशी रांग लावून चालत नाही. दोन्ही एकाच वेळी हाती घ्यावी लागतात. स्नायूसाठी संपूर्ण विश्रांती हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. व्यायाम थोडा, ठरलेला आणि रोजचा. बरे वाटले म्हणून जास्त नाही आणि दुखले म्हणून शून्य नाही. हे दुसरे कलम खेळाडूच्या गळी उतरवणे पहिल्यापेक्षा कठीण जाते. व्यायाम करताना दहापैकी तीन-चार दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरले, तर घाबरायचे कारण नाही. दुखणे म्हणजे इजा नव्हे, हे तोंडाने सांगून पटत नाही. पंधरा दिवस असे करून पाहिल्यावर शरीरालाच ते पटते. त्याबरोबर मानसतज्ज्ञाशी बोलणे, विचारांच्या वाकड्या सवयी ओळखून त्या सरळ करण्याचे प्रशिक्षण. 'आज दुखलं, म्हणजे सगळं संपलं' हा विचारसुद्धा सवयीचा असतो.

औषधांबद्दल दोन गोष्टी. नैराश्यावरची नेहमीची औषधे उत्तेजकांच्या बंदी-यादीत नाहीत; पण आपण खेळाडू आहोत, कोणता खेळ खेळतो, हे डॉक्टरांना आधी सांगावे आणि प्रत्येक औषध यादीत तपासून घ्यावे. हात थरथरू नये म्हणून कोणी दिलेले बीटा-ब्लॉकर नेमबाजाला आणि तिरंदाजाला बंदी घडवू शकते. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, चार दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या फेकून देऊ नयेत आणि बरे वाटले म्हणून परस्पर थांबवूही नयेत. दुसरी गोष्ट वेदनाशामकांची. औषधाच्या दुकानातून पाकिटे आणून महिनोन् महिने खाल्लेल्या गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला महागात पडतात, त्यातही उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाला जास्तच. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकावर 'वाडा'ने १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंदी घातली आहे. ते सवय लावते, हे अनेकांना ठाऊक नसते.

प्रशिक्षकांना एकच विनंती. दुखणाऱ्या खेळाडूला घरी पाठवू नका. त्याला गुणलेखनाला बसवा, लहान मुलांचा सराव घ्यायला लावा, संघाच्या बैठकीला बोलवा. त्याची मांडी संघाबाहेर आहे, तो नाही. आणि घरच्यांना सांगायचे तर, तो आल्या आल्या ''आज दुखलं का रे?'' असे विचारू नका. प्रेमापोटीच विचारता, पण दिवसभर विसरलेले दुखणे त्या प्रश्नाने परत येते. ''आज काय काय केलंस?'' असे विचारा.

त्या मुलीकडे मी तिच्या आईबरोबर त्याच संध्याकाळी गेलो. ती बोलली नाही. मी माझी चूक सांगितली आणि निघालो. चार दिवसांनी ती आली, माझ्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जायला तयार झाली. गोळ्या साधारण वर्षभर चालल्या, बोलणे त्याहून जास्त. शेजारच्या मुलीने बूट आपणहून परत आणून दिले. त्यानंतर ती राज्य संघात पुन्हा आली नाही. दोन हंगाम क्लबकडून खेळली, संरक्षणाला तेवढी. भरतीच्या परीक्षेत ८०० मीटर धावली आणि काही सेकंदांनी हुकली. आता एका शाळेत मुलींना खो-खो शिकवते. फार वेळ उकिडवे बसले की मांडी अजून दुखते, दहापैकी दोन-तीन. गेल्या उन्हाळ्यात एका विद्यार्थिनीला घेऊन आली होती. मी त्या मुलीला टेबलावर झोपायला सांगून गुडघा हातात घेतला, तर ही म्हणाली, ''सर, आधी झोपेचं विचारा.''